रांजण कोण भरणार?

आपल्या कार्यालयात खुर्च्या किती, असे विचारले तर शिपाईसुद्धा चटकन आकडा सांगतो. डेडस्टॉक रजिस्टरात त्यांची नोंद असते, दरवर्षी मोजणी होते, मोडक्या खुर्चीच्या निर्लेखनाचा ठरावही होतो. आता जरा पुढचे प्रश्न विचारून पाहा. कार्यालयात संगणक किती? त्यांपैकी चालू किती? कोणत्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर आहे आणि ते कोणत्या आवृत्तीचे आहे? सर्व्हरचा बॅकअप शेवटचा कधी घेतला, आणि घेतला असेल तर तो उघडतो का? एवढे विचारले की साहेब हेडक्लार्ककडे पाहतात, हेडक्लार्क छताकडे.

खुर्ची मोडली तर एका माणसाची पंचाईत होते. सर्व्हर बसला तर पतसंस्थेच्या खिडकीसमोर ठेवीदारांची रांग खोळंबते, शाळेतले दाखले अडतात, दवाखान्यातल्या रुग्णांचे जुने कागद हाती लागत नाहीत. मोठ्या कंपन्या या सगळ्यावर लक्ष ठेवण्यासाठी महागडी सॉफ्टवेअर घेतात आणि दर संगणकामागे दरवर्षी पैसे मोजतात. लहान संस्थेला ते परवडत नाही. तिथे सगळा कारभार एएमसीवाल्या मुलाच्या फोन नंबरवर चालतो. त्याने फोन उचलला तर ठीक, नाही तर अल्ला मालिक!

या दोन टोकांच्या मध्ये एक रस्ता आहे. कार्यालयातले संगणक आणि त्यांना जोडणारे जाळे सांभाळण्यासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचा. या रस्त्यावर सामान भरपूर आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. पन्नास साधने समोर असली की निवडायचे कोणते?

निवडीआधी एका शब्दाचा घोटाळा दूर करू. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यामुळे तिकडच्या मंडळींना अनेक वर्षे खुलासे करावे लागले. आपली मराठी त्या मानाने श्रीमंत. आपल्याकडे ‘मुक्त’ आहे आणि ‘मोफत’ही आहे. दिसायला हे सख्खे भाऊ वाटतात, पण एक संस्कृतातून आला, दुसरा फारसीतल्या ‘मुफ्त’वरून. मोफत म्हणजे दाम न मोजता मिळणारे. मुक्त म्हणजे ज्याच्यावर कोणा एकाचे कुलूप नाही असे. सॉफ्टवेअर ज्या मूळ संहितेतून बनते ती संहिता वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मोकळीक असेल, तर ते मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ही चळवळ सुरू केली आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना लिहिला. संहिता घ्या, सुधारा, वाटा. मात्र सुधारलेले दुसऱ्याला दिलेत तर त्याची संहिताही त्याच मोकळिकीने द्या, असे त्याचे सार. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात.

उन्हाळ्यात एस.टी. स्टँडजवळ पाणपोई असते. मोहरमात आमच्याकडे सबील लावतात. पाण्याचे पैसे कोणी घेत नाही. पण रोज सकाळी कोणीतरी रांजण धुतो, भरतो, वर ओले फडके टाकतो. ते करणारा माणूस नसेल तर चार दिवसांत त्या रांजणात डासांची पैदास होते. मुक्तस्रोत साधनाचेही तसेच आहे. परवान्याला पैसे पडत नाहीत, सांभाळायला माणूस लागतो. म्हणून साधन निवडताना ‘हे फुकट आहे का’ याआधी ‘रांजण कोण भरणार’ हे विचारावे.

आता सांभाळायचे म्हणजे नेमके काय काय करायचे, ते पाहू. पाच कामे आहेत : नोंद, पहारा, फाटक, दुरुस्ती आणि प्रत.

पहिले काम नोंदीचे. जे मोजलेले नाही ते सांभाळता येत नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे संगणकही त्याने कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. पण असंख्य ठिकाणी ती बसवलीच गेली नव्हती. ‘विंडोज १०’चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आपल्याकडे त्यावर चालणारे संगणक किती, हे आज किती कार्यालये सांगू शकतील?

या कामासाठी ‘जीएलपीआय’ हे फ्रान्समध्ये २००३ साली सुरू झालेले साधन आहे. प्रत्येक संगणकावर एक छोटासा हस्तक-प्रोग्राम बसवायचा. तो मेमरी किती, डिस्क केवढी, कोणते सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचे, ही माहिती आपणहून मुख्य नोंदवहीत पाठवतो. त्याच नोंदवहीत तक्रारी लिहिता येतात, कोणती यंत्रे वारंवार आजारी पडतात ते कळते. थोडक्यात, हे संगणकांचे डेडस्टॉक रजिस्टर, फक्त स्वतः भरले जाणारे.

दुसरे काम पहाऱ्याचे. रात्रीचा गुरखा जसा ठरावीक वेळाने फेरी मारतो, तसे एक सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी प्रत्येक यंत्राची चौकशी करते. सर्व्हर जागा आहे का? डिस्क किती भरली? इंटरनेटची लाइन चालू आहे का? प्रिंटर आणि जाळ्यातले स्विचसुद्धा अशा चौकशीला उत्तर देऊ शकतात; त्यासाठी १९८८ पासून एक ठरलेली बोली आहे, तिला ‘एसएनएमपी’ म्हणतात. डिस्क नव्वद टक्के भरली की हा पहारेकरी ईमेल किंवा मोबाइलवर संदेश पाठवतो. डिस्क पूर्ण भरून सर्व्हर बंद पडल्यावर कळण्यापेक्षा आठ दिवस आधी कळणे किती मोलाचे, हे मार्चअखेर ज्याने हिशेब केले आहेत त्याला सांगायला नको.

पहाऱ्याच्या साधनांत दोन नावे जुनी आणि जाणती. इथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ काढले, २००२ मध्ये त्याचे नाव ‘नॅगिऑस’ झाले. त्याची पद्धत सरळ आहे : प्रत्येक तपासणीचे उत्तर ठीक, सावधान, गंभीर किंवा अज्ञात, या चारांपैकी एक. दुसरे ‘झॅबिक्स’. लॅटव्हियातील अलेक्सी व्लादिशेव्ह बँकेत संगणकव्यवस्था सांभाळत असताना, १९९८ मध्ये, गरजेपोटी त्याची सुरुवात झाली. २००१ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि २००५ मध्ये त्यामागे कंपनी उभी राहिली. नॅगिऑसची मांडणी बहुतांशी फाइली लिहून करावी लागते, झॅबिक्सची पडद्यावर खिडक्या उघडून करता येते आणि आलेखही तयार मिळतात. ज्या कार्यालयात लिनक्सचा जाणकार रोज बसत नाही, तिथे मला झॅबिक्स सोयीचे वाटते.

तिसरे काम फाटकाचे, म्हणजे फायरवॉलचे. बाहेरच्या इंटरनेटवरून आत कोण येतो आणि आतून बाहेर काय जाते, यावर नजर ठेवणारे ‘पीएफसेन्स’ २००४ मध्ये सुरू झाले, त्यातून फुटून २०१५ मध्ये ‘ओपीएनसेन्स’ निघाले. दोन नेटवर्क कार्ड असलेल्या साध्या संगणकावर ही चालतात. चौथे काम दुरुस्तीचे : सगळ्या यंत्रांवर नव्या सुधारणा एकाच जागेवरून बसवणे. त्यासाठी ‘अ‍ॅन्सिबल’ हे २०१२ मधले साधन प्रसिद्ध आहे, पण दहा-पंधरा संगणक असतील तर त्याची गरज नाही. प्रत्येक यंत्राची स्वयंचलित सुधारणा चालू ठेवली आणि महिन्यातून एकदा नोंदवहीत पडताळून पाहिली तरी पुरते. पाचवे काम प्रत ठेवण्याचे. ‘बॅक्युला’सारखी साधने ते करतात. नियम मात्र साधनापेक्षा मोठा : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक कार्यालयाबाहेर. आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाइल खरोखर परत काढून पाहायची. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसता भरवसा.

इथे एक गैरसमज वारंवार आढळतो. मुक्तस्रोत म्हटले की कारकून मंडळींना वाटते, आता आपला विंडोज जाणार, टॅली जाणार, सगळे नव्याने शिकावे लागणार. तसे नाही. ही साधने मागच्या खोलीत चालतात. झॅबिक्सचा मुख्य भाग लिनक्सवर बसतो, पण त्याचा आणि जीएलपीआयचा हस्तक विंडोजच्या संगणकावर मुकाट्याने काम करतो. टेबलावरचा पडदा तोच राहतो. टेबलावरचे सॉफ्टवेअर बदलायचे का, हा वेगळा प्रश्न. केरळने आपल्या सरकारी शाळांत लिनक्स नेले ते शिक्षकांना वर्षानुवर्षे प्रशिक्षण देऊन. भारत सरकारनेही २०१५ मध्ये आपल्या खात्यांसाठी मुक्तस्रोताला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. पण लहान संस्थेने सुरुवात मागच्या खोलीतूनच करावी.

आता निवडीचे निकष. पहिला निकष साधनाच्या घराण्याचा. त्यामागे कोण आहे? एकटा माणूस, एखादी कंपनी, की अनेकांची मंडळी? शेवटची आवृत्ती कधी निघाली? पाच वर्षांपूर्वी असेल, तर नमस्कार करून पुढे जावे. कंपनी मागे असणे चांगले, पण तेवढ्यावर विसंबू नये. ‘सेंटओएस’ हे लिनक्सचे रूप जगभरच्या सर्व्हरवर होते. त्याच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल, असे सांगितले गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने जाहीर केले की तो २०२१ अखेर थांबेल. सात वर्षांहून अधिक काळाचा आधार एका घोषणेत गेला.

बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत असे झाले असते तर हात चोळत बसावे लागले असते. इथे तसे झाले नाही. संहिता मुक्त होती, म्हणून २०२१ मध्येच ‘अल्मालिनक्स’ आणि ‘रॉकी लिनक्स’ हे दोन पर्याय उभे राहिले आणि लोकांना घर बदलता आले. पहाऱ्याच्या साधनांतही हे घडले आहे. नॅगिऑसची प्रगती मंद वाटली म्हणून २००९ मध्ये काहींनी ‘इसिंगा’ काढले. हा झुलू भाषेतला शब्द, अर्थ ‘शोधतो, पाहतो’. ‘ऑब्झर्व्हियम’ने परवाना बदलला, तेव्हा त्याच्या शेवटच्या मुक्त आवृत्तीतून २०१३ मध्ये ‘लिब्रेएनएमएस’ निघाले. मुक्त या शब्दाची खरी किंमत अशा दिवशी कळते. म्हणून परवान्याचे नाव पाहून घ्यावे. ‘मोफत आवृत्ती’ आणि ‘मुक्त परवाना’ यांत फरक आहे. मोफत आवृत्ती उद्या बंद होऊ शकते. मुक्त परवान्याने दिलेली संहिता परत घेता येत नाही.

दुसरा निकष सुरक्षिततेचा. ‘संहिता सगळ्यांना दिसते, म्हणजे चोरालाही दिसते,’ असे म्हणणारे असतात. ‘सगळ्यांना दिसते म्हणून ती सुरक्षितच,’ असे म्हणणारेही असतात. दोघांचेही अर्धेच खरे. डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले की ‘सोलरविंड्स’ या कंपनीच्या, नेटवर्क सांभाळण्याच्याच बंद सॉफ्टवेअरमध्ये हल्लेखोरांनी चोरदरवाजा घातला होता आणि तो कंपनीच्या अधिकृत सुधारणेतून सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेला होता. अमेरिकी सरकारची खातीही त्यात सापडली. मुक्तस्रोतातही असे घडते. ‘एक्सझेड’ या फाइली आवळणाऱ्या साधनाचे काम प्रामुख्याने एक स्वयंसेवक पाहत होता. दोनेक वर्षे मदतनीस म्हणून विश्वास कमावलेल्या कुणीतरी त्यात चोरदरवाजा घुसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की सर्व्हरवर प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्यांनी कारण शोधले, संहिता उघडी असल्यामुळे तळापर्यंत जाता आले, आणि बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोहोचण्याआधी संकट टळले. उघड्या खिडकीचा फायदा तेव्हाच होतो, जेव्हा तिच्यातून कोणीतरी पाहत असते. आपण संहिता वाचणार नाही. पण ज्याच्याकडे पाहणारे डोळे जास्त, ते साधन निवडणे आपल्या हातात आहे. आणि साधन नेहमी त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे, कुणाच्या पेनड्राइव्हवरून नव्हे.

तिसरा निकष सगळ्यांत साधा, आणि तोच नेमका राहून जातो : आपल्याकडे हे चालवणार कोण? माझ्या ओळखीच्या एका शिक्षणसंस्थेत एका हुशार तरुणाने लिनक्सचा सर्व्हर उभा केला होता. नोंद, पहारा, बॅकअप, सगळे नीटनेटके. त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली, तो गेला. त्यात त्याचा दोष नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला चार दिवस उरले असताना वीज गेली, सर्व्हर पुन्हा चालू झाला आणि पासवर्ड मागू लागला. तो कोणाजवळच नव्हता. तरुणाचा जुना नंबर बंद. मुलांची सगळी माहिती आत. मग पुन्हा घरोघरी निरोप गेले, पालकांनी रोजगार बुडवून उत्पन्नाचे दाखले परत आणून दिले. तरीही दोन मुलींचे अर्ज मुदतीत गेले नाहीत. सॉफ्टवेअर उत्तम होते. किल्ली एकाच खिशात होती.

त्या संस्थेत आता पासवर्ड एका पाकिटात बंद करून, पाकिटावर मुख्याध्यापक आणि चिटणीस यांच्या सह्या घेऊन, तिजोरीत ठेवतात. पासवर्ड बदलला की पाकीट बदलते. सर्व्हर कसा चालू करायचा, बॅकअप कुठे आहे, हे दोन पानांवर साध्या मराठीत लिहून भिंतीला लावले आहे. आणि काम जाणणारी माणसे दोन आहेत. माझ्या मते कोणतेही साधन बसवण्याआधी या तीन गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात : पासवर्डचे पाकीट, मराठीतली दोन पाने आणि दुसरा माणूस.

चौथा निकष हिशेबाचा. परवान्यापुढे शून्य लिहिले तरी त्याखाली आणखी ओळी असतात : सर्व्हरसाठी एक बरा संगणक, यूपीएस, बाहेरच्या प्रतीसाठी डिस्क, शिकण्याचे तास, आणि देखभाल करणाऱ्याचे मानधन. या ओळी मांडून बेरीज करावी. बहुतेक लहान संस्थांत ती बंद सॉफ्टवेअरपेक्षा कमी येईल. आली नाही, किंवा सांभाळायला माणूसच मिळत नसेल, तर सरळ दाम मोजून सेवा घ्यावी; त्यात कमीपणा नाही. मुक्तस्रोत हे साधन आहे, व्रत नव्हे. मात्र पैसा वाचला तर तो माणसाच्या पगारात जावा. परवान्याचे पैसे दूरदेशी जातात, शिकलेला मुलगा आपल्या गावात राहतो.

एएमसीवाल्याकडूनही ही कामे करून घेता येतात. करारात एवढेच लिहावे की नोंदवही, पासवर्ड आणि बॅकअप संस्थेच्या मालकीचे असतील आणि करार संपताना चालू स्थितीत हाती दिले जातील. जे कंत्राटदार याला नाही म्हणतील, त्यांच्याबद्दल तिथेच कळून येते.

पाचवा निकष बाहेर पडण्याच्या वाटेचा. आपली माहिती दुसऱ्या साधनात नेता येईल अशा साध्या स्वरूपात बाहेर काढता येते का, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. सगळी साधने एकदम बसवू नयेत. आधी तीन संगणकांवर महिनाभर नोंद चालवावी, मग सगळ्यांवर. ती अंगवळणी पडली की पहारा. पहाऱ्याचे इशारेही मोजकेच ठेवावेत. दिवसाला शंभर संदेश येऊ लागले की माणूस एकही वाचत नाही. प्रत ठेवण्याचे काम मात्र कशासाठीही थांबवू नये, ते पहिल्या दिवसापासून.

शेवटी एक गोष्ट. पाणपोईवर पाणी पिणाऱ्यांपैकी एखाद्याने कधीतरी एक घागर ओतली तर ती टिकते. एक्सझेडसारख्या, साऱ्या जगाचा भार वाहणाऱ्या कामामागे एखादाच दमलेला स्वयंसेवक असतो, हे आता सगळ्यांना कळले आहे. आपल्याकडच्या ‘झिरोधा’ या कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला. आपली ऐपत तेवढी नसेल, पण सापडलेला दोष नीट लिहून कळवणे, एखाद्या पडद्यावरचे शब्द मराठीत आणणे, आपल्या कार्यालयात काय जमले ते शेजारच्या शाळेला जाऊन दाखवणे, हे कोणालाही करता येते.

उद्या सोमवार आहे. सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात निवडा. उद्या फक्त एक वही घ्या, खोलीखोलीतून फिरा आणि संगणक मोजा. मग पानाच्या तळाशी दोन नावे लिहा : सांभाळणाऱ्याचे, आणि तो रजेवर असताना सांभाळणाऱ्याचे.